फ्रायबुर्गच्या ताईला

प्रिय ताई,

तू स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नोकरीवर रुजू झालीस आणि सामान हलवायच्या धांदलीत आपलं नीट बोलणंच झालं नाही. फोनवर आभार मानायला घेतले की तू लगेच 'जेवलीस का' विचारतेस. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुला मध्येच विषय बदलता येणार नाही.

मी जर्मनीत, फ्रायबुर्गला शिकायला आले तेव्हा हिवाळी सत्र नुकतंच सुरू झालं होतं. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि त्यासाठी गहाण टाकलेलं गावाकडचं घर. कॉफीच्या युरोतल्या किमतीला मनातल्या मनात नव्वदने गुणायचं आणि कॉफी न घेता पुढे जायचं, हे रोजचंच. शनिवार-रविवारीसुद्धा मी ग्रंथालयातच असायची. बाबा तिकडे उन्हात राबत असताना आपण नदीकाठी बसायचं कसं, हे कुणाला सांगताही येत नव्हतं. तुला सांगावं लागलं नाही. तूही कर्ज काढूनच आली होतीस.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी तू शेजारच्या खोलीतून येऊन माझं दार वाजवलंस आणि म्हणालीस, "तू आज पुस्तक उघडलंस म्हणून हप्ता एका रुपयाने तरी कमी होणार आहे का? चल, चप्पल घाल." तुझ्यामागे जिन्यात आपली तुर्की मैत्रीण आणि कोलंबियाचा तो उंच मुलगा, दोघं पिशव्या घेऊन उभे. नाही म्हणायला तू जागाच ठेवली नव्हतीस.

म्युन्स्टरच्या, म्हणजे इथल्या जुन्या मोठ्या चर्चच्या, चौकातून मी रोज जायची, पण भरभर. त्या दिवशी तू अख्खी सकाळ तिथे घालवलीस. उत्तरेच्या बाजूला आसपासच्या गावांतले शेतकरी बसतात, हे तू दाखवलंस तेव्हा कळलं. पांढऱ्या शतावरीच्या (अ‍ॅस्परॅगसच्या) जुड्या, जवळच्या कायझरश्टूल टेकड्यांकडची स्ट्रॉबेरी, मातीसकट मुळे. शतावरीचा हंगाम 24 जूनला संपतो, त्यानंतर शेतकरी ती काढत नाहीत, पुढच्या वर्षासाठी झाडाला विसावा देतात, हे तिथे विकायला बसलेल्या एका आजींनी तुला जर्मनमध्ये सांगितलं आणि तू मला मराठीत. बाबांना फोनवर सांगितलं तर ते किती वेळ तेच विचारत बसले: पाणी कसं देतात, जमीन कसली, भाव काय. कितीतरी महिन्यांनी आमचं बोलणं पैशांवरून सुरू झालं नव्हतं.

मग तू मला चर्चच्या मनोऱ्याखालच्या देवडीत नेलंस. 116 मीटरचा तो मनोरा बघायला लोक माना वर करतात. तू माझा हात धरून भिंतीवर टेकवलास. दगडात गोल कोरलेले. पावाच्या लाद्यांची मापं, 1270 सालची, शेजारी 1317 ची. बाजारात कुणी लहान पाव विकला तर गिऱ्हाइकाने तो इथे आणून ताडून बघायचा. मी एका गोलावर पंजा पसरून पाहिला, आईची भाकरी जवळजवळ तेवढीच. ज्या दगडी इमारतीला मी वर्षभर परकी समजत होते, तिच्या भिंतीवर कुणाच्या तरी पोटाची काळजी लिहून ठेवली होती. 27 नोव्हेंबर 1944 च्या बाँबहल्ल्यात भोवतालची घरं जमीनदोस्त झाली आणि हा मनोरा तेवढा उभा राहिला, हेही तू तिथेच सांगितलंस. त्यानंतर आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुपारी द्रायझाम नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलो. काहीच केलं नाही. इतका वेळ काहीच न करता मी शेवटची कधी बसले होते, मला आठवेना.

संध्याकाळी आपलं सामायिक स्वयंपाकघर. सकाळीच तू क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात बांधून नळाला टांगून ठेवलं होतंस. ते दाबून बघितलंस, साखर घालून भांड्यात फेटायला मला बसवलंस, आणि कपाटामागून केशराची डबी काढलीस. तुझ्या आईने दिलेली ती डबी तू सणासुदीसाठी जपून ठेवली होतीस, हे मला नंतर कळलं. कोलंबियाच्या पठ्ठ्याने पुऱ्या लाटल्या, एकही गोल नाही, पण सगळ्या टम्म फुगल्या! साडेनऊपर्यंत बाहेर उजेड होता. तुर्की मैत्रीण श्रीखंड चाटत म्हणाली, हे तिच्या आजीला आवडलं असतं. मग प्रत्येकाच्या आजीची गोष्ट निघाली.

रविवारी दुकानं बंद, शहर निवांत. 1930 पासून चालणाऱ्या त्या रोपवेने आपण शाउइन्सलांड डोंगरावर गेलो. वाऱ्याने एकाच अंगाला झुकलेली बीचची झाडं, खाली ऱ्हाइनचं खोरं, पलीकडे फ्रान्सचे डोंगर. तिकिटाचे पैसे तू भरलेस आणि आजतागायत घेतले नाहीस.

ताई, त्यानंतरही मी अभ्यास केला, तेवढाच केला. पण हातपाय गार पडणं थांबलं. रात्री झोप लागू लागली. प्रबंधाचा विषयही मला पुढच्याच एका शनिवारी, नदीकाठी गप्पा मारताना सुचला. शिष्यवृत्तीचे अर्ज, घरभाड्याचे करार, व्हिसाची कागदपत्रं यांत मदत करणारे पुष्कळ भेटले, त्यांचीही मी ऋणी आहे. पण स्वस्थ बसायचा हक्क मलाही आहे, हे फक्त तू सांगितलंस. आणि सांगून थांबली नाहीस, तुझ्या संशोधनाच्या ऐन धावपळीतले दोन दिवस त्यासाठी दिलेस.

या ऑक्टोबरात नांदेडकडचा एक मुलगा आपल्याच इमारतीत येतोय. त्यानेही कर्ज काढलंय. त्याचा पहिला शनिवार मी ठरवून टाकला आहे: बाजार, देवडीतली ती मापं, मग क्वार्क. केशर या वेळी माझ्या आईने पाठवलंय. बाझेलहून गाडीने पाऊण तास लागतो. तू ये.

तुझी,
शेजारच्या खोलीतली धाकटी