'२७ क्लब'चं कौतुक आणि आमचा गिटारवाला

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं ते पानभर '२७ क्लब' वाचलं, सत्ताविसाव्या वर्षी मेलेल्या परदेशी गायक-वादकांवरचं. काल रात्रीच लिहिणार होतो पण घरातल्यांनी म्हटलं झोप काढ, सकाळी बघ. सकाळ झाली, राग तसाच आहे, म्हणून लिहितोय.

लेखकाची भाषा छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फोटो पण झकास, गिटारवाला जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी करून डावखुरा वाजवतोय आणि तुमच्या डिझायनरने मागे जांभळा धूर सोडलाय. पण चौकटीत मोठ्या टायपात 'नशेने त्यांच्या कलेची दारं उघडली' असं जे छापलंत ते कोणी पास केलं हो? कुठली दारं? हेंड्रिक्स त्याच्याआधी कित्येक वर्षं लिटल रिचर्डसारख्या गायकांच्या मागे उभा राहून वाजवत होता, हात तिथे तयार झाला. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि झोपेतच उलटी घशात अडकून गेला. तुम्ही लिहिलंय 'अनंतात विलीन झाला'. विलीन वगैरे काही नाही साहेब, गुदमरून मेला.

आणि ती गायिका जॅनिस जॉप्लिन, त्याच्यानंतर बरोबर १६ दिवसांनी, हेरॉइनने. तिची रेकॉर्ड तेव्हा पुरी व्हायची होती, मागाहून १९७१ मध्ये निघाली, त्यात एक गाणं नुसतं वाद्यांचं आहे. म्हणजे गाणं लिहून तयार, म्युझिक वाजवून तयार, बाईंनी येऊन फक्त गायचं बाकी होतं. त्या आल्याच नाहीत. मी ३५ वर्षांवर साउंडचा धंदा करतोय, वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत एक मांडव सोडला नाही, सगळं लावून झाल्यावर स्टँडवर माईक नुसता उभा असतो आणि माणूस येत नाही ते कसं दिसतं ते मला विचारा.

'द हू' या इंग्लिश बँडचा ड्रमर किथ मून तुमच्या पानावर नाही, कारण तो ३२ व्या वर्षी गेला, क्लबात बसत नाही बिचारा. दारू सुटावी म्हणून डॉक्टरने ज्या गोळ्या दिलेल्या त्याच ३२ खाल्ल्या. त्याच्या आधी १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ शो चालू असताना तो ड्रमवर कोसळला, आत नेऊन शुद्धीवर आणला, परत बसवला, परत कोसळला, शेवटी त्यांच्या गिटारवाल्याने पब्लिकलाच विचारलं की कोणाला ड्रम वाजवता येतो का, आणि १९ वर्षांचा एक पोरगा वर चढून उरलेला शो वाजवून गेला. हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही कारण माझ्या मांडवात हेच झालंय.

१९८८ चे गणपती. आमच्या वाडीतला एकजण (नाव लिहीत नाही, तो हा पेपर वाचतो) मुंबईला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. वडील लालबागला मिलमध्ये, ८२ च्या संपानंतर ते गावी परत आले, हा तिथेच काकाकडे राहिला. पंचमच्या गाण्यांचे सुरुवातीचे पीस तो असे वाजवायचा की गायकाच्या आधी टाळी त्याला पडायची. त्या वर्षी तो चतुर्थीला आला आणि सार्वजनिक गणपतीला सातव्या दिवशी त्याचा प्रोग्राम ठेवला. मी तेव्हा नवीनच, कर्ज काढून आहुजाचा अँप्लिफायर घेतलेला, ताडपत्रीवर पाऊस वाजतोय, समोर चारशे-पाचशे माणूस. हा खुर्चीत बसून तिसरी तार लावतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पेटीवाला त्याला सूर धरून देतोय, हा खुंटी पिळतोय, सूर वर जातो, खाली येतो, जागेवर काही थांबत नाही. पोरं शिट्ट्या मारायला लागली. आणि मग त्याची मान हळूहळू खाली गेली, कपाळ तारांवर टेकलं, सगळ्या तारा एकदम वाजल्या आणि चारही कर्ण्यांतून असा काही आवाज निघाला की पुढची लहान मुलं रडायला लागली. मी धावत जाऊन आवाज बंद केला. तो तसाच, डोकं गिटारवर, झोपल्यासारखा. शेवटी बेंजो पार्टीतल्या एका पोराला वर चढवला आणि वेळ मारून नेली.

लोक म्हणाले दारू प्यालाय. दारू नव्हती. गर्द होती, म्हणजे ब्राउन शुगर. त्या वर्षांत मुंबईत गर्दने चाळीच्या चाळी पोखरल्या, ते तुमच्याच पेपरात तेव्हा येत होतं, जुने अंक काढून बघा. त्याच्या आईला यातलं काय कळणार? तिला त्याच्या उशाखाली सिगरेटच्या पाकिटातली चांदी सापडायची, ती बिचारी ती सरळ करून डब्यात ठेवायची, पुढच्या वर्षी मखराला लावू म्हणून. मला डबा दाखवत म्हणाली, "झील माझो सिगरेटी भारी ओढता रे." प्रत्येक चांदीवर मधोमध एक काळी रेघ होती, जळलेल्या गर्दची. त्याची स्वतःची गिटार मुंबईतच विकून झालेली होती, आमच्या मांडवात आणली ती दुसऱ्याकडून मागून आणलेली. त्यानंतर माझ्या गोडाऊनमधून दोन माईक गेले ते वेगळंच, त्याचं मी कधी कोणाला बोललो नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हा इथे रेल्वे नव्हती. त्याच्या मेव्हण्याने आणि मी त्याला रात्रीच्या एसटीने पुण्याला नेला, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, अवचट दांपत्याने ते ८६ ला सुरू केलेलं, नवीनच होतं. वाटेत घाटात तो असा काय थरथरत होता की कंडक्टरने स्वतःची घोंगडी दिली. एकदा सुटली, परत लागली, परत नेला. दुसऱ्या वेळी सुटली ती सुटली. पण गिटार पण सुटली. साठी उलटलीय आता, सोडा-लिंबूची गाडी लावतो, बोटं अजून लांबसडक आहेत, बाटली धरली की मला दिसतात.

त्या वेळी, म्हणजे मांडवात पडला तेव्हा, त्याचं वय २७. हे माझ्या पण लक्षात नव्हतं. काल त्याच्या गाडीवर गेलो तर तुमची पुरवणी पसरून बसलेला, हेंड्रिक्सच्या धुरावर बोट ठेवून मला म्हणाला, "तेव्हाच मेलं असतंय तर माझो पण फोटो इलो असतो." आणि गिऱ्हाइकाला सोडा दिला.

आता सांगा मी राग गिळायचा कसा. मेले ते सगळे तुमच्या पानावर, वाचले त्यांना एक ओळ नाही. इंग्लिश गिटारवाला एरिक क्लॅप्टन आधी हेरॉइनमधून आणि मग दारूतून बाहेर पडला, १९९८ ला अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी आपल्या १०० गिटारी लिलावात काढल्या, पन्नास लाख डॉलरच्या आसपास आले. गिटार विकायचीच तर अशी पण विकता येते की. पण त्याच्या मागे जांभळा धूर शोभला नसता बहुतेक. आणि त्याच पानाच्या खाली पाव पानभर 'म्युझिक सीडी'ची जाहिरात, ती सीडी बाटलीतून मिळते हे आमच्याकडच्या बालवाडीतल्या पोराला पण ठाऊक आहे. जाहिरात खात्याचं अभिनंदन.

जाता जाता अजून एक. एवढं पानभर छापायला जागा मिळाली, पण गेल्या महिन्यापासून भरती-ओहोटीचं कोष्टक बंद केलंत ते कशासाठी? मोबाईलवर मिळतं म्हणाल. आमच्या किनाऱ्यावर मोबाईलला रेंज कुठे असते ते एकदा येऊन बघा, राहायची सोय मी करतो. काल सकाळी शेजारचा रापणवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा) नेहमीसारखा माझा पेपर मागून घेऊन गेला, पुढून बघितला, मागून बघितला, पुरवणी झटकून बघितली आणि परत आणून देताना विचारतो, "ह्येच्यात भरती खंय आसा?"

आपला जुना वाचक,
एक साउंडवाला, वेंगुर्ला