कार्मेनेर म्हणजे मर्लो नव्हे

महोदय,

लाल वाइनच्या द्राक्षांवरील आपल्या लेखात कार्मेनेरची बोळवण ‘मर्लोचाच एक प्रकार’ एवढ्या तीन शब्दांत झाली, म्हणून हे पत्र. फ्रान्समधील बोर्दो हे या वाणाचे मूळ घर. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केल्यावर ते पुन्हा फारसे लावले गेले नाही, कारण थंड, ओल्या वसंतात त्याची फुले गळतात आणि घड विरळ राहतात. चिलीत आधीच पोहोचलेल्या वेली मात्र मर्लो या वेगळ्याच वाणाच्या नावाखाली वाढत राहिल्या. १९९४ साली फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी त्या कार्मेनेर म्हणून ओळखल्या. खरे तर खूण उघडीच होती: कोवळ्या पानाची खालची बाजू तांबूस असते आणि फळ मर्लोनंतर काही आठवड्यांनी पिकते. दोन्हींची तोडणी एकदमच होत असल्याने अर्धकच्च्या कार्मेनेरमुळे वाइनला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येई, आणि दोष वाणाच्या माथी मारला जाई. पूर्ण पिकलेल्या फळाची वाइन गडद, मसालेदार आणि मऊ टॅनिनची (म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाची) असते. त्यासाठी चिलीतील कोल्चाग्वा खोरे आणि काचापोआलमधील पेउमो विशेष नावाजलेले आहेत. ईशान्य इटलीतही हेच वाण बराच काळ काबर्ने फ्राँ हे दुसरेच वाण समजले जात होते.

– एक वाचक