व्याह्यांच्या गिफ्टचं काय ठरलं ते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर धड बोलणं होत नाही, आई एकीकडे काहीतरी आवरत असते, बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी बेल वाजवतं, म्हणून आज लिहायलाच बसले. मी ठणठणीत आहे. बारीकबिरीक काही झालेली नाही, फोन वरून धरला की कुणाचेही गाल आत गेलेले दिसतात. बाकी माझा दिवस कसा जातो ते तुम्हाला पाठ आहे, ते परत नको. डायरेक्ट आपल्या धाकट्या चिमीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या गिफ्टवर येते.

आई, तू म्हणालीस "त्यांना गोल्फचं वेड आहे म्हणे, तू तिकडे आहेस तर चांगलंसं काहीतरी पाठव". मलाही वाटलं त्यात काय, एक छानशी काठी घ्यायची, रिबन बांधायची, झालं. तर पहिली गोष्ट, तिला काठी नाही क्लब म्हणतात, आणि बाबा तुम्ही परवा बॅट म्हणालात ते घरात ठीक आहे, व्याह्यांसमोर प्लीज नको. दुसरी गोष्ट, क्लब गिफ्ट द्यायचाच नाही. आमच्या ऑफिसमधले एक सिनियर दर रविवारी पहाटे खेळायला जातात, त्यांना विचारलं तर हसायलाच लागले. म्हणाले, दुसऱ्याने निवडलेला क्लब म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. उंचीप्रमाणे त्याची लांबी बदलते, दांडा किती लवचिक हवा ते माणूस किती जोरात फिरवतो त्यावर, मुठीची जाडी पंजाप्रमाणे, शिवाय डावखुऱ्याचे क्लब वेगळेच. वर आणि नियम असा की बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत. म्हणजे खेळणाऱ्या माणसाकडे बहुतेक चौदाच्या चौदा असणारच, आपण पंधरावा दिला की त्या बिचाऱ्यांनी दर वेळी ठरवायचं, आपला लाडका एखादा बाहेर काढायचा की सुनेच्या माहेरचा घरी ठेवून द्यायचा. नवीन नात्यात कशाला हा पेच.

मग ते म्हणाले एकदा माझ्याबरोबर चल, बघ आम्हाला काय लागतं ते. म्हणून गेले, म्हणून तो गोल्फच्या मैदानावरचा फोटो. आई, तुझा मेसेज वाचला, "आता गोल्फ पण खेळायला लागलीस का". नाही गं! एकही चेंडू मारलेला नाही, एक पैसा खर्च केलेला नाही, त्यांची ट्रॉली ओढत मागे मागे चालले फक्त. १८ होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, एकामागून एक, चार तासांच्या वर, पायाचे तुकडे पडले. टोपी होती, पाणी होतं, ऊन लागलं नाही. हे असले शौक करायला मी इथे आलेले नाही एवढं तर तुम्हाला माहीतच असेल.

पण एक गोष्ट तिथे अशी बघितली ना की अजून डोक्यातून जात नाही, ती नीटच सांगते. होलच्या भोवती जे एकदम बारीक कापलेलं गवत असतं, सतरंजीसारखं, त्याला ग्रीन म्हणतात. लांबून मारलेला चेंडू त्यावर उंचावरून धपकन पडतो तेव्हा तिथे छोटासा खळगा पडतो, बोटाचं टोक मावेल एवढा. आता आपल्याला वाटेल पडला तर पडला, एवढ्या मोठ्या मैदानाला माळी असतीलच की. तर नाही. ज्याचा खळगा त्याने बुजवायचा. हा पन्नाशी ओलांडलेला माणूस, ऑफिसात ज्याच्या केबिनमध्ये जायला आम्ही घाबरतो, खिशातून दोन दातांचा एक चिमुकला काटा काढतो, उकिडवा बसतो, आणि तो काटा खळग्याच्या कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलतो, मग दुसऱ्या बाजूने, मग तिसऱ्या. खालून उचकटून वर काढायचं नाही हं, मी तेच करायला गेले तर ओरडले, मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग पडतो. कडेकडेने आत, आत, आणि शेवटी तो चपटा क्लब असतो ना हळूच ढकलायचा, पटर, त्याच्या बुडाने थोपटायचं. झोपलेल्या बाळाला थोपटतात तसं. बरं स्वतःचा झाला की उठावं ना, तर बाजूला आदल्या कोणाचा तरी राहिलेला दिसला, तोही बुजवला. मी विचारलं हा तर तुमचा नाही, तर म्हणाले कोणाचा तरी आहेच की. दर होलला हेच! मी पहिल्यांदा कंटाळले, मग नवव्या होलपर्यंत मीच त्यांच्याआधी खळगे शोधायला लागले.

आणि अंपायर नाही. बाबा, हे तुमच्यासाठी लिहितेय, तुम्ही क्रिकेट बघताना अंपायरला शिव्या घालता ना, इथे शिव्या घालायला कोणी नसतंच. किती फटके लागले ते ज्याचं त्याने मोजायचं. झाडाखाली चेंडूजवळचं एक वाळकं पान त्यांनी बाजूला केलं आणि चेंडू थोडासा हलला, दोन बोटं असेल. कोणीही बघितलं नाही, मी बघितलं पण मला काय कळतंय. त्यांनी चेंडू परत होता तिथे ठेवला, बरोबरच्या माणसाला हाक मारून सांगितलं आणि आपल्याच नावावर एक फटका वाढवला. घरी आल्यावर मला राहून राहून वाटत होतं की चिमीला अशा माणसाच्या घरात द्यायला हरकत नाही. व्याही असेच असतील असं नाही, पण रविवारची सकाळ अशा सवयीत घालवत असतील तर थोडं तरी अंगात मुरलं असेल.

असो. तर त्या चार तासात मला कळलेलं एवढंच की हे लोक मोठ्या वस्तू स्वतःच घेतात, फार चिकित्सेने घेतात, आणि आपण द्यायचं ते जे हरवतं, झिजतं किंवा मळतं. चेंडू तर इतके हरवतात की विचारू नका. आता नियमाने तीनच मिनिटं शोधायचा, २०१९ च्या आधी पाच मिनिटं होती, मिळाला नाही तर सोडून द्यायचा आणि वर दंडाचा फटका. पण चेंडूतही गोम आहे. सगळे दिसायला एकसारखे, वजन ४५.९३ ग्रॅमच्या आतच आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, तरी कोणाला मऊ चालतो कोणाला कडक, आणि एकदा एक सवयीचा झाला की माणूस शक्यतो बदलत नाही. आमचे सिनियर तर आपल्या चेंडूवर पेनाने दोन निळे ठिपके काढतात, ओळखू यावा म्हणून. तेव्हा चिमीला म्हणावं होणाऱ्या नवऱ्याकडून गुपचूप काढून घे, त्याच्या बाबांच्या बॅगेत कोणते चेंडू आहेत, पाकिटावरचं नाव जसंच्या तसं, फोटोच काढून पाठवायचा. तेच डझनभर घेते. त्यावर व्याह्यांचं नाव छापून देतात, पण मला नको वाटतं ते, नाव छापलेला चेंडू माणूस मारत नाही, शोकेसमध्ये ठेवतो, आणि मारला तर त्यांचं नाव कुठल्या तरी तळ्यात.

गोल्फवरचे विनोद छापलेले कॉफीचे मग, टाय, टेबलावर ठेवायचा पितळी गोल्फर, असलं काही आत्याने सुचवलं तर ऐकू नका, त्यांच्याकडे असे चार तरी आधीच असतील. अंतर मोजायची दुर्बीण मिळते, लेझरची, ती बघून मला मोह झाला होता. पण त्यातलं चढउतार धरून अंतर सांगणारं फीचर स्पर्धेत बंद ठेवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ती इतकी भारी दिसते की आपल्या बाबांना अवघडल्यासारखं होईल आणि व्याह्यांना परतफेडीचं ओझं. ती नकोच.

म्हणून ठरवलंय ते असं: चेंडू, दोन ग्लोव्ह, बॅगेला अडकवायचा एक जाड टॉवेल (हा तर सतत लागतो, घाम, माती, ओलं गवत), आणि तो दोन दातांचा काटा, साधा, धातूचा, हातात धरला की बरा वाटतो. ऑफिसमधला एक मुलगा पुढच्या महिन्यात घरी येतोय त्याच्याबरोबर देते. काटा टोकदार आहे, विमानात हातातल्या बॅगेत उगाच अडवतील, म्हणून मोठ्या बॅगेत ठेवायला सांगितलंय.

आणि एक गोष्ट इथून नाही, घरातूनच द्यायची आहे. ग्रीनवर चेंडू उचलून पुसायचा असेल तर आधी त्याच्या अगदी मागे एखादं नाणं ठेवतात, म्हणजे जागा चुकत नाही. सगळ्यांच्या खिशात असं एक ठरलेलं नाणं असतं, सिनियर सांगत होते त्यांचं वीस वर्षांचं आहे. मला एकदम आजीच्या डब्यातले भोकाचे पैसे आठवले. १९४३ वगैरे सालचे, मधे गोल भोक असलेले, लहानपणी मी आणि चिमी ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो. दोन-तीन असतील अजून. त्यातला एक काढून ठेव ना आई. घासून चकचकीत करू नकोस, आहे तसाच काळपट राहू दे. ते खूष होतील की हसतील माहीत नाही, पण दुकानात मिळणार नाही एवढं नक्की.

आता राहिलेलं पटापट लिहिते. पैसे काल पाठवलेत, हॉलच्या ॲडव्हान्सचे आणि लोनच्या हप्त्याचे वेगवेगळे, बाबांनी मेसेज बघून मला फक्त हो म्हणा. जास्त पाठवलेत म्हणून परत भांडू नका, ओव्हरटाइमचे आहेत, माझं काही अडत नाही. साखरपुड्याला मी येत नाहीये हे मी आधी का सांगितलं नाही असं बाबा म्हणाले. बाबा, सांगायचं टाळत नव्हते, व्हिसाचे कागद आत अडकलेत, ते हातात येईपर्यंत इथून निघता येत नाही, आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं की येतील. लग्नाला येणार म्हणजे येणार. साखरपुड्याच्या दिवशी फोन कोणाच्या तरी हातात नीट धरायला द्या, गेल्या वेळी मला दीड तास फक्त पंखा दिसत होता. मी तरी कट केला नव्हता.

मोठीचं राहिलं आणि धाकटीचं होतंय म्हणून कोणी काही बोललं तर आई तू वाद घालू नकोस. ते स्थळ मी बघितलं, फोटो चांगला आहे, माणूसही चांगला असेल, पण आत्ता नको. चिमीचं होऊन जाऊ दे, मग बोलू. नक्की बोलू. रागावू नकोस.

गिफ्ट देताना माझं नाव नका सांगू, घरातर्फेच द्या. किंवा सांगा, तुम्हाला वाटेल तसं.

तुमची,
मोठी

ता. क. उजव्या हाताने खेळणारा माणूस ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, आणि एकाच हातात घालतो. चिमीने साइज विचारताना डाव्या पंजाची विचारायची, आणि ते डावखुरे निघाले तर उलट. तिला दोनदा सांग, ती ऐकत नाही.