खोक्यावर रेडिएशनचा आकडा मराठीत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोर तालुक्यात माझे मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. मागच्या आठवड्यात एक ताई मुलीसाठी फोन घ्यायला आल्या. कॅमेरा, बॅटरी सगळे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "दादा, याचं रेडिएशन किती?" मी स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश डायल केले. आकडे आले: डोक्यासाठी १.०९, शरीरासाठी ०.८४. खाली बारीक इंग्रजीत लिहिले होते, १५ मिलिमीटर अंतरावर; म्हणजे शरीराचा आकडा फोन अंगापासून तेवढा दूर ठेवून मोजलेला. हे विचारणारे माझ्या दुकानातले ते पहिलेच गिऱ्हाईक.

या आकड्याला एसएआर म्हणतात. शरीर किती रेडिओ ऊर्जा शोषते, त्याचे ते माप. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे आणि सरासरी फक्त १ ग्रॅम ऊतीवर काढतात. युरोपात ती २ वॅट, तीही १० ग्रॅमवर. म्हणजे आपला नियम जास्त कडक आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण नियम कागदावर कडक आणि ग्राहकाला पत्ताच नाही, याला काय म्हणावे? शर्टाच्या खिशात १५ मिलिमीटर अंतर कुठून येणार, हे कुणी सांगत नाही.

मोबाइलने कॅन्सर होतो, असा माझा दावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'शक्यता आहे' एवढ्याच गटात ठेवल्या. पण तपासणी मात्र चोख हवी. फ्रान्सच्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये आयफोन १२ तपासला, तेव्हा हातात धरल्यावर ५.७४ वॅट भरले; हातापायांसाठी तिथली वेगळी मर्यादा ४ वॅट आहे. विक्री थांबली, कंपनीला सॉफ्टवेअर सुधारून द्यावे लागले.

आमच्याकडे गावात टॉवर नको म्हणून अर्ज होतात. लोकांची भीती मी समजू शकतो. पण डोंगराआड रेंज जेमतेम असली की टॉवर गाठायला फोनच जास्त जोर लावतो, आणि तो असतो कानाला. अशा ठिकाणी मी गिऱ्हाइकांना स्पीकरवर किंवा इअरफोन लावून बोलायला सांगतो.

दूरसंचार विभागाला विनंती आहे: डोक्याचा आकडा, शरीराचा आकडा आणि तपासणीचे अंतर, या तीन गोष्टी खोक्याच्या दर्शनी बाजूला, ठळक मराठीत छापायला लावा. आम्ही दुकानदार त्या वाचून दाखवू.

आपला,
एक मोबाइल विक्रेता, भोर (जि. पुणे)