डायलिसिस हवंच, पण आधी पाणी आणि माणसं

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिस सुरू करायचं घाटतं आहे. मुंबईकर मंडळी चार मशीन द्यायला तयार आहेत आणि गणपतीला गावी येतील तेव्हाच उद्घाटन व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका असताना माझी बरीचशी नोकरी डायलिसिस विभागातच झाली, म्हणून चार शब्द लिहिते.

गरज आहे, यात शंका नाही. आमच्या शेजारचे काका आठवड्यातून तीनदा पहिल्या एस.टी.ने रत्नागिरीला जातात. चार तास मशीनवर, मग परतीची गाडी. अंगातलं पाणी काढल्यावर प्रेशर उतरतं आणि त्याच अवस्थेत वळणावळणाचा रस्ता. पावसात रस्ता बंद होऊन एक पाळी चुकली की रात्री त्यांना आडवं होता येत नाही, दम लागतो, भिंतीला टेकून बसून राहतात. जिल्हा रुग्णालयात गरिबांना डायलिसिस मोफत आहे हे खरं, पण सोबत जाणाऱ्या सुनेची मजुरी बुडते ती बुडतेच.

आता हिशेब. चार मशीन, रोज दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस धरले तर सोळा रुग्ण बसतात. हेपटायटिस बी रक्तातून पसरतो, म्हणून तो असलेल्यांसाठी एक मशीन वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्यांसाठी बाराच जागा. तालुक्यात रुग्ण किती? बाहेरगावी जाणाऱ्यांची नावं मिळतील. पण गाडीभाडं झेपेना म्हणून ज्यांनी जाणंच सोडलं, त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडायची? ती माणसं आशाताईंना ठाऊक असतात. विश्वस्तांनी आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलावून यादी करावी.

माझी खरी काळजी पाण्याची आहे. एका रुग्णाच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. रोजच्या आठ जणांचं हजाराच्या घरात जातं, आणि आरओमधून वाया जाणारं धरलं तर रोज दोन-अडीच हजार लिटर तरी हवं. एप्रिल-मे महिन्यात आमच्या वाड्यांवर टँकर फिरतात. टँकरचं पाणी कुठून भरलं, त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, किती टाकली, काही सांगता येत नाही. डायलिसिसच्या पाण्यात क्लोरीन राहिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही प्रत्येक पाळीआधी आरओच्या पाण्याचा नमुना घेऊन क्लोरीन तपासायचो, क्लोरीनचा रंग आला तर रुग्ण बाहेर ताटकळले तरी मशीन लावत नसू. इथे हे रोज कोण तपासणार, ते नाव आजच ठरायला हवं.

वीज गेली आणि मशीनची बॅटरीही उतरली तर पंप हाताने फिरवून रक्त रुग्णाच्या शरीरात परत द्यावं लागतं. तिथे शिकलेला टेक्निशियनच हवा, तोही एक नव्हे, किमान दोन. एकटा असला आणि आजारी पडला की सेंटर बंद. किडनीतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येऊन चालेल, पण रोज हजर राहणारा प्रशिक्षित डॉक्टर पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलचा समावेश झाला तरी दाव्यांचे पैसे मागाहून येतात. तोवर डायलायझर (रक्त गाळणारी नळी), ट्यूबिंग, इंजेक्शनं पदरच्या पैशांनी घ्यावी लागतील.

इतर सेवा काही दिवस बंद ठेवता येतात, डायलिसिस नाही. इथे सोय झाली म्हणून रुग्ण रत्नागिरीतली जागा सोडतील आणि सहा महिन्यांनी आपलं सेंटर बंद पडलं, तर तिथे त्यांची जागा दुसऱ्याला गेलेली असेल.

म्हणून मुंबईकर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. चार मशीन देण्याऐवजी तूर्त दोनच द्या. उरलेल्या पैशांतून मोठी साठवण टाकी, जनरेटर आणि दोन टेक्निशियनचा तीन वर्षांचा पगार द्या. हेपटायटिस बीच्या रुग्णांना तोवर रत्नागिरीलाच जावं लागेल, याचं वाईट वाटतं. उद्घाटन गणपतीत न करता, एक अख्खा मे महिना पाणी पुरतं की नाही ते पाहून पुढच्या जूनमध्ये करा.

— एक निवृत्त परिचारिका, जि. रत्नागिरी