अक्कलकोटच्या वर्गासाठी

मंगोची, मलावी
१४ जुलै

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

मंडळीतले आठ जण दिवाळीच्या सुट्टीत अक्कलकोट तालुक्यात पंधरा दिवस साक्षरता वर्ग घेणार, हे वाचून फार आनंद झाला. फक्त एक गोष्ट आधीच ठरवा: शिकवायचं गावातल्यांनीच. तुम्ही त्यांना तयार करायचं आणि निघायचं. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने तीन पुस्तिकांसाठी मिळून सुमारे २०० तास धरले होते. रोज दोन तास म्हटले तरी तुमचे ३० होतात. तेवढ्यात कुणी वाचायला लागत नाही, पण दहावी-बारावी झालेल्या गावातल्या दोन-तीन सुना वर्ग चालवायला नक्की शिकतात. उरलेले १७० तास म्हणजे आणखी ८५ दिवस. ते ज्वारीच्या काढणीआधी उरकायला हवेत. काढणी लागली की वर्गात कोण येणार? इथेही मक्याची काढणी आटोपल्यावर वर्ग बसतात आणि नोव्हेंबरच्या पावसाला मोडतात.

दुसरं, भाषा. इथे घरात चियाओ बोलतात आणि पुस्तक चिचेवाचं. घरात पाण्याला ‘मेसी’, पुस्तकात ‘माडझी’. बाई अक्षरं बरोबर जोडते, पण तोंडातून निघालेला शब्द तिला ओळखू येत नाही. सीमेवरच्या तुमच्या गावात घरी कानडी असेल तर ‘घर’पासून सुरुवात करू नका. ‘मने’ आणि ‘नीरु’ हे तिचेच शब्द देवनागरीत लिहा. त्यातून म, न, र सुटे करा, मग काना शिकवा. तीन अक्षरांत मान, रान, नाम, मामा, नाना एवढे मराठी शब्द वाचून होतात. बाराखडी घोकून घेऊ नका. पानावरचा क्रम पाठ होतो आणि वाचता आल्याचा भास होतो. अक्षरांचे पत्ते करा, पिसून एकेक दाखवा. तिथे खरं काय ते कळतं.

फळा विकत आणायची गरज नाही. प्लायवूडची आठ बाय चार फुटांची शीट अर्धी कापली की चार बाय चारचे दोन फळे. फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, मध्ये एक दिवस वाळू द्या. पहिलं अक्षर लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे राहिलं तर पहिल्या दिवशीचं लिखाण कायमचं पुसट उमटून राहतं.

आणि चष्मे, ताई. चाळिशीपुढची बाई आठवडाभर मागे पडली की तिला ‘जड डोक्याची’ म्हणतात. बहुतेक वेळा तिला जवळचं दिसतच नसतं. पहिल्याच दिवशी सव्वा फुटावर ताट धरून तांदूळ निवडायला द्या, नाहीतर सुईत दोरा ओवायला. जमलं नाही तर +१ पासून अर्ध्या-अर्ध्या नंबराने वाढवत +३ पर्यंत लावून बघा. ज्या सर्वांत कमी नंबराला जमेल, तोच द्या. लांबचंही धूसर दिसत असेल किंवा बाहुलीत पांढरं दिसलं तर चष्मा देऊ नका, सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. वीस माणसांच्या वर्गाला बारा चष्मे न्या. +२ चे जास्त घ्या.

कंदिलावर वर्ग घेऊ नका, सौर दिवे न्या. पत्ते किती लागतील ते कळव, मी इथला नमुना पाठवतो.

आई-पप्पांना सलाम.

तुझा धाकटा भाऊ