गळ्यातली गाठ: आधी सुई, मग सुरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला थायरॉइडवरचा लेख वाचून राहवले नाही. ‘गाठ दिसताच काढून टाका’ हे चौकटीत, ठळक अक्षरांत छापलेत. आधी कराव्या लागणाऱ्या तपासण्यांना मात्र एक ओळही नाही. थायरॉइडच्या दहातल्या नऊ गाठी साध्या असतात, हे सांगायला नको होते का?

माझ्या धाकट्या बहिणीचे पित्ताशयाचे ऑपरेशन मिरजेत ठरले होते. फिटनेससाठी तपासताना भूलतज्ज्ञांच्या हाताला गळ्यात गाठ लागली. त्यांनी आधी टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते सांगणारी रक्ततपासणी) करायला लावले, ते योग्यच होते. थायरॉइडचे हार्मोन वाढलेले असताना भूल दिली तर जिवावर बेतू शकते. टीएसएच नॉर्मल आले, सोनोग्राफीत गाठ २ सेंटीमीटरची निघाली. आता सुईने पेशी काढून तपासायच्या, एवढेच राहिले होते. काही मिनिटांचे काम. सर्जननी ते सुचवलेच नाही. पित्ताशयाचे ऑपरेशन पार पडल्यावर ‘कशाला जोखीम’ म्हणून अख्खी थायरॉइड ग्रंथी काढली. रिपोर्ट आला: कोलॉइड गॉयटर, म्हणजे ग्रंथीची साधी वाढ, कर्करोग नाही. आता जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे त्या ग्रंथीच्या हार्मोनची गोळी.

त्याहून मोठे दुःख आवाजाचे. ती भजनी मंडळात गायची. ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला, तो तसाच राहिला. स्वरयंत्राची नस या ग्रंथीला लागूनच जाते, म्हणून ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहून नोंद ठेवायला हवी. तीही ठेवलेली नाही. विचारायला गेलो तर ‘आधीपासूनच असेल’ हे उत्तर, आणि आमच्या हातात कागद नाही!

सुईच्या तपासणीत कर्करोग किंवा दाट संशय आला तर शस्त्रक्रिया जरूर करा. तेव्हाही गाठ लहान आणि एकाच बाजूला असेल तर पुष्कळदा अर्धी ग्रंथी काढून भागते. साध्या गाठीवर बहुतेक वेळा नुसते लक्ष ठेवतात.

आणखी एक. त्याच लेखाखाली गळ्याच्या सोनोग्राफीसह तपासणी शिबिराची जाहिरात होती. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांची अशीच सरसकट सोनोग्राफी झाली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. जत-आटपाडीहून मिरजेला येणारा रुग्ण तुमचा पेपर वाचून घाबरतो, याची जाणीव ठेवा.

येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत सुईच्या आणि स्वरतंतूंच्या तपासणीची माहिती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली